चौथा पाइप

१

पंप सोडायला आलेल्या माणसाची दोरी साठ फुटांवर सैल पडली. त्यानं ती वर ओढली, पुन्हा सोडली, आणि ती पुन्हा तिथेच सैल पडली. बोअर दोनशे चाळीस फुटांची होती. आठच दिवसांपूर्वी तिला भरपूर पाणी लागलं होतं, आणि ते नव्वद फुटांवर येऊन स्थिरावलेलं चार लोकांनी पाहिलं होतं. आता साठाच्या खाली काहीच जात नव्हतं. बोअर बुजली होती.

तक्रार माझ्या टेबलावर आली, कारण भूजल खात्यात अशा तक्रारींचा निकाल मी देतो. तक्रार करणारी बाई एकटी राहणारी, शिवणकाम करणारी. गावाबाहेर तिनं जमिनीचा छोटा तुकडा घेतला होता, त्यावर दोन खोल्या बांधल्या होत्या आणि घरापुरत्या पाण्यासाठी बोअर मारून घेतली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. वरची माती मऊ असते, ती भोकात ढासळू नये म्हणून खडक लागेपर्यंत लोखंडी पाइप घालतात. त्याला केसिंग म्हणतात. एक पाइप वीस फुटांचा. ठेकेदाराच्या सहीच्या पावतीवर ‘केसिंग तीन पाइप’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे साठ फूट. लोखंड जिथं संपलं तिथंच बोअर बुजली. खडक लागायच्या आधीच ठेकेदारानं एक पाइप चोरला, माती ढासळली, बाईचं घर कोरडं पडलं.

आमच्या नियमात याला क्षमा नाही. आरोप सिद्ध झाला की परवाना कायमचा रद्द होतो, आणि परवाना नसलेलं बोअरचं मशीन म्हणजे नुसतं भंगार. ठेकेदारानं बावीस वर्षांत हेच एक काम केलं होतं. त्यात हा माणूस मला कधीच आवडला नव्हता. मोठ्यानं बोलायचा, सगळ्यांना अरे-तुरे करायचा, आणि खात्यात आला की माझ्या टेबलावर बूड टेकवायचा. त्याचा परवाना रद्द करायला मला आनंदच झाला असता, हे मी आधीच कबूल करतो.

तक्रारीच्या शेवटी बाईनं लिहिलं होतं, ‘चौकशी याच साहेबांनी करावी,’ आणि पुढे माझं नाव. मी सुखावलो. खरं तर टेबलावर बसूनच सही करण्यासारखं प्रकरण होतं. एके काळी मी तसं करतही असे. अलीकडे मात्र मी जागेवर जातो.

२

बाईच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र होतं, साधं नव्हे, जाड कापडाचं. मालमोटारींवर टाकायची कॅनव्हासची आच्छादनं ती शिवायची. कोपऱ्यात पाण्याचे दोन पिंप होते आणि त्यातलं पाणी ती वाटीनं मोजून वापरत होती. वय पन्नाशीच्या अलीकडे. मी बसल्यावर तिनं यंत्र थांबवलं, पण हातातली कात्री काही खाली ठेवली नाही.

तिचा धाकटा भाऊ तिथेच होता. बहिणीनं जमीन विकून आपल्याकडे राहावं असं त्याला वाटत होतं, आणि ते त्यानं पाच मिनिटांत तीनदा सांगितलं. त्याच्या डोळ्यांपुढे त्या जमिनीचे पैसेच नाचत होते, असं मला वाटलं. मी त्याला संशयितांच्या यादीत वरच्या जागी टाकलं.

ठेकेदार कसा निवडला हे मी विचारलं. बाई म्हणाली, नाव ऐकलं होतं. भाऊ मध्येच बोलला, की जवळचे दोन ठेकेदार त्यानं सुचवले होते, पण ताईनं त्यांना जमीन बघायलाही बोलावलं नाही. हा पलीकडच्या तालुक्यातला, येणार उशिरा, तरी ताई याच्यासाठी महिनाभर थांबली. फोनवर तिनं त्याला एवढंच विचारलं होतं, की मशीनवर तुम्ही स्वतः उभे राहणार ना.

“राहिला का उभा?” मी विचारलं.

“सकाळी होता,” बाई म्हणाली. “दुपारनंतरचं मला माहीत नाही. तीन पाइप उतरले, मी पावती लिहून घेतली आणि भावाबरोबर त्याच्या घरी गेले. रॉडवर रॉड आपटतात तो आवाज मला सोसत नाही.”

पाणी लागल्याचा फोन तिला संध्याकाळी भावाच्या घरी आला. दुसऱ्या दिवशी ती इथं परतली आणि तेव्हापासून इथेच होती. बोअरच्या तोंडावर चार बोल्टांचं झाकण होतं, आणि पाना हाती असलेल्या कुणालाही ते काढता आलं असतं. कुणावर संशय आहे का, असं मी विचारलं तर तिला ते हास्यास्पद वाटलं. संशय कसला, चोर तर ठाऊकच होता.

उठताना मी म्हणालो, की दोष निघाला तर ठेकेदाराकडून नवी बोअर मारून घेता येईल.

“मला नवी बोअर नकोय,” ती म्हणाली. “त्याला रस्त्यावर आलेलं मला बघायचंय, साहेब. लोकांनी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायला हवं, हा तो चोर.”

आवाज जराही चढला नव्हता. मी बऱ्याच तक्रारदारांची आदळआपट पाहिली आहे. ही बाई त्यातली नव्हती.

३

बोअरपाशी गेल्यावर मी खिशातला आरसा काढला. उन्हाचा कवडसा आरशानं भोकात सोडला की दिवसा शंभर फुटांपर्यंत आरामात दिसतं. तळाशी मातीचा गोल दिसला. पण त्याच्या कडेनं लोखंड चकाकत होतं, अगदी मातीला टेकेपर्यंत. माती ढासळते तेव्हा एका बाजूनं ढासळते, तिरपी पसरते. ही माती ताटात पसरल्यासारखी सपाट होती.

शेजारी ठेकेदाराच्या मातीच्या ढिगल्या ओळीनं होत्या. दर दहा फुटांना वर येणारी माती मूठभर बाजूला ठेवायची, ही त्याची पद्धत. माणूस उद्धट, पण काम नेटकं. सहावी ढिगली पिवळी होती, सातवीही पिवळी, आठवीपासून खडकाची राख. मी दोरीला डबा बांधून बोअरमधली माती खरवडून वर काढली. ती काळी होती आणि तिच्यात गवताची मुळं होती.

साठ फुटांवर गवत उगवत नाही. ही माती वरून, याच अंगणातून आत गेली होती.

मी ठेकेदाराला फोन लावला. तो पहिल्या वाक्यापासून ओरडतच होता. म्हणाला, तीन नव्हे, चार पाइप घातलेत, ऐंशी फूट. बाई गेल्यावर साठाच्या खाली माती मऊ लागली, म्हणून सगळे पाइप वर घेतले, भोक रुंद केलं आणि चौथा जोडला. पंप बसवायच्या वेळी पावती दुरुस्त करणार होता. मी विचारलं, साक्षीदार कोण? तो म्हणाला, माझी माणसं. त्याच्या माणसांनी तर रात्री सूर्य पाहिल्याचीही साक्ष दिली असती.

“अरे, तू आधीच ठरवून बसलायस,” तो म्हणाला.

मी फोन ठेवून दिला. तो म्हणत होता ते खरं होतं, म्हणूनच मला राग आला.

कुंपणापलीकडे एक म्हातारा खुर्ची टाकून माझ्याकडे टक लावून बघत होता. मी आल्यापासून त्यानं मान वळवली नव्हती.

४

हा शेजारी. त्याची स्वतःची जुनी विहीर होती, आणि बोअर झाल्यापासून तिचं पाणी हातभर उतरलं असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. बोअर मारायच्या दिवशी तो मशीनपुढे आडवा उभा राहिला होता. बोअर बुजल्याचा त्याला आनंद झाला का, असं मी विचारलं. तो म्हणाला, झाला, खोटं कशाला बोलू. त्याला कारण होतं, कुंपणही गुडघाभर उंचीचं होतं. भावाच्या वरची जागा मी त्याला दिली.

मी त्याला त्या दिवसाबद्दल विचारलं. तो अंधार पडेपर्यंत याच खुर्चीवर बसून ठेकेदाराला शिव्या घालत होता.

“चार-चार पाइप ठोकले त्या मेल्यानं,” तो म्हणाला. “आधी तीन घातले. मग वर काढले. मग परत चार घातले. माझं पाणी ओढायला कमी पडतील म्हणून.”

“चार कशावरून? तुम्ही मोजले?”

त्यानं मला मागे नेलं. पाइपाच्या दोन्ही टोकांना आटे चेपू नयेत म्हणून लाल प्लास्टिकचं एकेक कडं असतं. जोडायच्या आधी ते काढून फेकतात. म्हाताऱ्यानं ती सगळी उचलून आणली होती आणि वांग्याच्या रोपांभोवती लावली होती. तेवढीच भरपाई, असं तो म्हणाला. कडी आठ होती. आठ टोकं, म्हणजे चार पाइप.

मी तिथेच बांधावर बसलो. ठेकेदार खरं बोलत होता. लोखंड ऐंशी फुटांपर्यंत होतं आणि बोअर साठाला, लोखंडाच्या आतच बुजली होती. लोखंडातून माती ढासळत नाही. कुणीतरी दोरी मोजून बरोबर साठ फुटांवर काहीतरी अडकवलं होतं आणि वर अंगणातली माती टाकली होती, ठेकेदारानं पाइप चोरला असं दिसावं म्हणून. आणि ज्यानं हे केलं, त्याला केसिंग साठालाच संपतं असं वाटत होतं.

चौथ्या पाइपाबद्दल माहीत नसलेला माणूस तो. ठेकेदार आणि त्याची माणसं यातून सुटली. शेजारी सुटला, त्यानं तर चारही पाइप बघितले होते. पंपवाला एकदाच आला होता, तोही सगळ्यांसमोर. पावती घेऊन दुपारी निघून गेलेली माणसं दोनच होती, बहीण आणि भाऊ.

मी परत डबा सोडला. हातभर माती उपसल्यावर डबा कशावर तरी खणकन वाजला. आरसा धरला. मातीच्या मधोमध एक लोखंडी कडी वर आलेली दिसली, बोट जाईल एवढी, आणि तिच्याभोवती ताणून बसलेलं जाड कापड. डब्याला त्याचा एक दोरा लागून आला. दुहेरी पिळाचा, मेण लावलेला.

५

मी भावाला दुकानात पाठवलं आणि दार लोटून घेतलं. बाईसमोर तो दोरा ठेवला. तिच्या यंत्रावर त्याच दोऱ्याचं रीळ होतं.

मी बोलायला लागलो. सूड म्हणून बोअर बुजवणारा दगड टाकतो, तुटकं लोखंड टाकतो, परत कधी निघू नये असं काहीतरी. इथं मात्र कॅनव्हासची पिशवी होती, पाइपाच्या मापाची शिवलेली. आत पाण्यानं फुगणारी कोरडी माती, नको असलेल्या बोअर बंद करायला या धंद्यात वापरतात ती. दोरीनं सोडायची, वरून बादलीभर पाणी ओतायचं, फुगून घट्ट बसली की दोरी काढून घ्यायची. आणि वर कडी ठेवायची, म्हणजे हवी तेव्हा आकडा टाकून उपसता येईल. बोअर ज्याला परत हवी आहे त्याचंच हे काम. भावाला तर जमीन विकायची होती. त्याला कडीची गरज नव्हती, आणि त्याला साधं बटणही लावता येत नसेल.

“येत नाही,” ती म्हणाली. कात्री तिनं आता खाली ठेवली. “तीनच पाइप होते.”

“चार होते. तुम्ही गेल्यावर त्यानं एक वाढवला.”

तिनं डोळे मिटले. आपण इतकं मापात शिवलं आणि माप त्यानंच बदललं, याचा तिला राग आला होता. मग ती हसली, तेही रागानंच.

“तुम्हाला या धंद्यातलं एवढं कसं माहीत?” मी विचारलं.

“माझा नवरा त्याच्या मशीनवर होता. रॉड लावायचा. बारा वर्षांपूर्वी दोर तुटून रॉड त्याच्या अंगावर आला. ठेकेदारानं लिहून दिलं, की तो दारू प्यायला होता. माझ्या नवऱ्यानं जन्मात थेंब घेतला नाही, साहेब. गावात अजून मला दारुड्याची बाई म्हणतात. माझ्या सासूनं मरेपर्यंत त्याचा फोटो लावू दिला नाही.”

ती तेव्हा गावाकडे होती. ठेकेदारानं तिचं तोंडही पाहिलं नव्हतं, प्रेत गाडीत घालून पाठवलं होतं. म्हणून त्यानं तिला ओळखलं नाही.

“एका खोट्या कागदानं माझा माणूस दारुडा झाला. मला एका खोट्या कागदानं त्याला चोर करायचं होतं. त्याच्याच सहीच्या पावतीनं.”

मी म्हणालो, “मग चौकशीला मीच का? दुसरा कुणी न बघता सही करून मोकळा झाला असता.”

ती उठली. पत्र्याच्या पेटीतून तिनं एक कागद काढला, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. अपघाताचा अहवाल. ‘जागेची पाहणी केली. मयत इसम मद्यधुंद अवस्थेत होता.’ खाली दोन सह्या होत्या. एक ठेकेदाराची.

दुसरी माझी.

६

मला ते प्रकरण आठवतही नव्हतं, आणि हेच सगळ्यात वाईट. टेबलावर कागद आला असेल, ठेकेदारानं चहा मागवला असेल, मी सही ठोकली असेल. पाहणीबिहणी काही झाली नव्हती.

बाईचा बेत दोन टप्प्यांचा होता. मी जागेवर येणारच नाही अशी तिची खात्री होती. मी टेबलावरून सही करणार, ठेकेदाराचा परवाना जाणार, मशीन विकलं जाणार. मग वर्षभरानं ती चार लोकांसमोर पिशवी उपसणार आणि दाखवणार, की बोअर धडधाकट आहे आणि साहेबाच्या सहीला काडीची किंमत नाही.

“आधी तो, मग तुम्ही. मग मला आत टाकलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही आलात, तिथंच माझं गणित बिघडलं.”

मी बाहेर पडलो आणि थेट ठेकेदाराकडे गेलो. मशीन त्याच्या अंगणात उभं होतं आणि तो त्याच्या पायरीवर बसला होता. या वेळी तो ओरडला नाही. वाटेत गाडीत बसून लिहिलेला त्याचा निकाल माझ्या खिशात होता, पूर्ण त्याच्या बाजूचा. मी तो काढला नाही. मी कोरा कागद काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

“बारा वर्षांपूर्वी तुझ्या मशीनवर मेला तो माणूस प्यायला होता का?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “त्याचा इथं काय संबंध?”

“ही बोअर त्याच्या बायकोची आहे.”

त्यानं मांडीवरचा कोरा कागद उलटून बघितला. परवाना, बावीस वर्षं, हे मशीन, सगळं माझ्या हातात आहे असं त्याला वाटत होतं, आणि मी ते तसंच वाटू दिलं. मला त्यात गोडी वाटली, हेही लिहून ठेवतो.

“नव्हता प्यायला,” तो शेवटी म्हणाला. “दोर झिजला होता. त्यानं मला दोनदा सांगितलं होतं. मी म्हटलं, एवढी बोअर होऊ दे, मग बदलू.”

“लिही.”

त्यानं लिहिलं, सही केली, तारीख टाकली. मग मी खिशातला निकाल काढून त्याला दिला. तो वाचताना त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग काळवंडला.

“म्हणजे मी सुटलो होतो. हे आधी का नाही सांगितलंस?”

“तूही बारा वर्षं सांगितलं नाहीस.”

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईपुढे तीन कागद ठेवले. पहिला बोअरचा निकाल. त्यात पिशवी कुणी शिवली आणि कुणी सोडली ते स्पष्ट लिहिलं होतं. दुसरा ठेकेदाराचा जबाब. तिसरा माझा, की त्या अपघाताच्या जागेवर मी कधीच गेलो नव्हतो आणि माझी सही खोटी होती.

तिनं तिन्ही सावकाश वाचले. ठेकेदाराच्या जबाबातली ‘त्यानं मला दोनदा सांगितलं होतं’ ही ओळ तिनं बोटानं धरून ठेवली. डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत.

“सांगितलं होतं त्यानं,” ती म्हणाली. “घाबरट म्हणायचे त्याला मशीनवर.”

मग तिनं पहिला कागद उचलला. मला वाटलं, यातून आपलं नाव काढा असं म्हणेल. मी नाही म्हणायची तयारी करून आलो होतो.

“हे बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी केलंय ते. सहीच्या आधी अजून काय लिहायचं असतं?”

आकडा टाकून पिशवी तिनं स्वतः उपसली. तिला दंड झाला. ठेकेदारावर त्या मृत्यूबद्दल खटला उभा राहिला आणि त्याचं मशीन आता कुलपात आहे. जुन्या अहवालातला तो शब्द खात्यानं रीतसर रद्द केला आणि तसं पत्र तिच्या गावी चावडीवर लावलं. तिनं ते तिथं जाऊन मोठ्यानं वाचलं, असं तिचा भाऊ मला म्हणाला.

त्यानंतर खात्यात तिला बोलावलं होतं, जबाब पुरा करायला. मीही होतो. वरिष्ठांनी माझी बाजू सांभाळायचा प्रयत्न केला. म्हणाले, साहेबांनी स्वतःहून चूक कबूल केली आहे, त्यांच्यामुळेच तुमच्या पतीचं नाव स्वच्छ झालं, त्यांची निवृत्ती दीड वर्षावर आहे. त्यांच्याविरुद्ध तुमची काही तक्रार नसेल, तर हे प्रकरण इथंच बंद करू.

तिनं माझ्याकडे पाहिलं. नजरेत वैर नव्हतं, मायाही नव्हती. माझं काहीतरी माप घेत असल्यासारखी ती पाहत होती. मी मनातल्या मनात तिची माफी मागत होतो, आणि तिला ते कळत होतं असं मला वाटतं.

“आहे ना तक्रार,” ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. “लिहून घ्या.”

कारकुनानं पेन उघडलं. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगू लागली, आणि पहिला शब्द माझं नाव होता.